एका पिंजऱ्यांतील दोन नर



एका घरांत दोन कर्ते पुरुष नांदूं लागले म्हणजे काय होतें, याचा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना असेल. वर्तमानपत्र आधीं कोणीं उघडावयाचें, पंख्याखालची खुर्ची कोणाची, पाहुण्यांशीं पहिलें बोलणें कोणीं करावयाचें, असल्या क्षुल्लक गोष्टींवरून जें मुकाट राजकारण चालतें तें बाहेरच्यांस दिसत नाहीं. घरांतल्या बायकांस मात्र तें पक्कें ठाऊक असतें. मी आज ज्या दोन पुरुषांविषयीं बोलणार आहें त्यांचें दोघांचें मिळून वजन दोन किलोंच्या आसपास भरेल. परंतु पांच फूट लांब आणि अडीच फूट रुंद एवढ्या मुलखाच्या पाटीलकीवरून त्यांनीं आमच्या घराची जी झोप उडविली, तिची हकीकत सांगण्यासारखी आहे. ते दोघे म्हणजे आमचे गिनीपिग, तांबू आणि काळू.

गिनीपिग हें नांव दोन्ही अंगांनीं खोटें आहे. हा प्राणी डुकराच्या कुळांतला नव्हे, तो उंदीर-घुशींच्या कृंतक वर्गांतला. आणि आफ्रिकेंतल्या गिनी देशाशींहि त्याचा कांहीं संबंध नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या पठारांवर हजारों वर्षांपूर्वीं माणसानें त्याला पाळलें. तेथील क्वेचुआ भाषेंत त्याला ‘कुई’ म्हणतात, आणि पेरू देशांत आजहि तो लाडासाठीं नव्हे तर ताटासाठीं पाळला जातो. १६ व्या शतकांत स्पॅनिश लोकांच्या पाठोपाठ तो यूरोपांत पोंचला. पुढें १७५८ सालीं लिनीअसनें त्याच्या शास्त्रीय नांवांत ‘डुकराचें पिलूं’ अशा अर्थाचा शब्द घातला आणि त्या चुकीवर कायमचा शिक्का बसला. माणसाप्रमाणेंच याच्याहि शरीरांत ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाहीं. म्हणून १९०७ सालीं होल्स्ट आणि फ्रलिख या दोघां नॉर्वेजियन शास्त्रज्ञांस स्कर्व्ही रोगाचा शोध घेतांना याचा फार उपयोग झाला. आमच्या घरीं तांबूला रोज पेरूची फोड मिळते ती त्याच कारणानें. पेरू देशांतल्या प्राण्यानें पेरू खावा, यावर आमच्या घरीं होणारा विनोद मी आपणांस सांगत नाहीं. तो रोज ऐकून मी कंटाळलों आहें.

सांगावयाची गोष्ट ही कीं हा कळपाचा प्राणी आहे. एकटा ठेवला तर तो जगतो, पण त्या जगण्याला जगणें म्हणावें कीं नाहीं याची शंका वाटते. स्वित्झर्लंड देशानें तर २००८ सालच्या नियमांत त्याला एकटा ठेवण्यास बंदीच घातली. मला हें वाचून प्रथम हंसूं आलें होतें. मागील आषाढांत तांबूचा जोडीदार वारला, आणि तें हंसूं ओसरलें. फ्रिजचें दार उघडलें कीं कोथिंबिरीच्या आशेनें शीळ घालणारा हा प्राणी आठ दिवस तोंडांतून शब्द काढीना. खोक्यांत तोंड घालून बसे. खाणें होतें, पण मुकाट्यानें. आमची कन्या म्हणाली, “बाबा, त्याला कोणीतरी हवें आहे.”

आतां कोण आणावें? मादी आणावी तर वंशविस्ताराचा धोका. या प्राण्यांत मादीचे दिवस सुमारें ६८ भरतात, पिलें डोळे उघडे व अंगावर केस असलेलीं जन्मतात, आणि व्याल्यावर कांहीं तासांतच मादी पुन्हा गाभण राहूं शकते. तेव्हां नरच आणावयाचा ठरलें. दोन नर एकत्र राहूंच शकत नाहींत, असें पुष्कळजण छातीठोकपणें सांगतात. तें खरें नाहीं. तीन नर मात्र ठेवूं नयेत. तिघांत एक नेहमीं दुसऱ्या दोघांचा बळी होतो. दोघांत वडील कोण आणि धाकटा कोण एवढें एकदां ठरलें कीं त्यांचा संसार वर्षानुवर्षें चालतो. मात्र तें ठरण्याच्या काळांत मालकाला फार धीर लागतो, आणि आमच्यापाशीं नेमका तोच नव्हता.

काळू आला तेव्हां तीन महिन्यांचा होता. त्याला पहिले दोन आठवडे निराळ्या खोलींत ठेवलें, कारण नव्या जनावराच्या अंगावर खरूज किंवा छातींत सर्दी असली तर ती जुन्याला लागते. मग एका रविवारीं सकाळीं, ऊन चढण्याच्या आधीं, दिवाणखान्यांत जुनी गोधडी अंथरली आणि दोघांस तीवर सोडलें. पहिली भेट तांबूच्या पिंजऱ्यांत घडवूं नये, एवढें मीं वाचलेलें होतें. दुसऱ्याच्या घरांत शिरलेल्यास पाहुणा कोण म्हणेल, चोरच म्हणणार. भेटीची जागा दोघांसहि परकी हवी. मध्यभागीं वाळलेल्या गवताचा मोठा ढीग ठेवला. अवघड प्रसंगीं दोघांनाहि तोंड घालावयास कांहीं असलें म्हणजे संकोच कमी होतो; आपल्याकडे पाहण्याच्या कार्यक्रमांत पोहे देतात ते उगीच नव्हे.

पांच मिनिटें हुंगाहुंगी झाली. मग तांबूनें घुमावयास आरंभ केला. पारवा कसा गळा फुगवून घुमतो, तसा हा घशांतून खोल गुरगुर आवाज काढतो, मागचे पाय एकेक करून जड टाकतो, आणि कमरेंत डोलत डोलत दुसऱ्याभोंवतीं फेऱ्या घालतो. मग तो काळूच्या मागें लागला. त्याची पाठ हुंगली, स्वतःचा पार्श्वभाग गोधडीवर घासून आपल्या वासाची मोहोर उमटविली, आणि शेवटीं त्याच्या पाठीवर चढला. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारांतून पाहत होत्या. “अहो, पण दोघेहि नरच आहेत ना?” असें त्यांनीं विचारलें. मीं शास्त्रीय उत्तर देऊं लागलों तों काळू असा कांहीं किंचाळला कीं कन्येनें हातांतलें पुस्तक टाकलें. “बाबा, मारील तो त्याला!” मीं धांवत जाऊन काळूला उचललें आणि त्याच्या जुन्या खोलींत नेऊन ठेवलें.

ही आमची पहिली चूक, आणि ती बहुतेक सर्वांची पहिली चूक असते. ती किंचाळी दुखापतीची नव्हतीच. “मान्य, तूं वडील, आतां सोड,” एवढाच तिचा अर्थ होता. काळू शरण गेला होता, तांबूनें तें ऐकलेंहि असतें आणि अर्ध्या तासांत तंटा मिटला असता. आम्हीं ऐन तहाच्या क्षणीं एका पक्षाला रणांगणांतून उचलून नेलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हा भेट घडविली तेव्हां सगळें पहिल्यापासून सुरू झालें, आणि या खेपेस तांबू अधिक चिडलेला होता. वारंवार एकत्र करणें आणि वारंवार तोडणें यासारखें वाईट दुसरें कांहीं नाहीं. वडीलकीचा निकाल लागूं न देतां खटला रोज नव्यानें उभा करण्याचा तो प्रकार आहे.

तेव्हां कोणत्या गोष्टीकडे काणाडोळा करावा आणि कोणत्या गोष्टीला भ्यावें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. घुमणें, डोलणें, मागें लागणें, पाठीवर चढणें, हुंगणें, नाकाला नाक लावून दोघांनींहि हनुवट्या उंच करीत जाणें, यांपैकीं कशालाहि भांडण म्हणत नाहींत. हनुवट्यांचा तो प्रकार तर पाहण्यासारखा असतो. ज्याची हनुवटी उंच राहिली तो वडील. ज्यानें मान खालीं घातली त्यानें मानपान मान्य केला. यांत रक्त येत नाहीं, खाणें थांबत नाहीं, आणि मधूनमधून दोघे शेजारीं बसून गवत चघळतात. हें सर्व चार दिवस चालेल, चार आठवडेहि चालेल. आपण हात मागें बांधून बसावें.

दांत कडकड वाजूं लागले कीं मात्र पुढें सरकून बसावें. ती ताकीद आहे. थोडी कडकड होऊन एकजण बाजूला वळला तर ताकीद पोंचली असें समजावें. पण मानेवरचे केस पिंजारलेले, अंग ताठ, डोकें झुकवून दोघेहि एकमेकांसमोर अडलेले, मोठी जांभई देऊन दांत दाखविणें, आणि कोणीहि मागें सरत नाहीं, अशी स्थिति आली तर मध्यें जाड पुठ्ठा सरकवावा. आणि दोघे गुंतून चेंडूसारखे गरगर लोळूं लागले, तर तेथें निकालाची वाट पाहावयाची नसते. त्यांच्यावर जाड टॉवेल टाकावा किंवा केर भरावयाची सुपली मध्यें घालावी. उघडा हात कधींहि घालूं नये. हें वाक्य मी जरा जोरानें उच्चारतों आहें त्याचें कारण पुढें येईल.

तिसऱ्या भेटीस आम्ही शहाणे झालों होतों. सकाळीं आठ वाजतां दोघांस सोडलें आणि सायंकाळपर्यंत हात लावला नाहीं. दुपारीं तीनच्या सुमारास काळू गवताच्या ढिगांत अर्धा बुडून झोपला, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर तांबू. सायंकाळीं सारा पिंजरा धुऊन, आंतील खोकीं नवीं घालून, दोघांस एकदमच आंत सोडलें. त्या रात्रीं फ्रिजचें दार उघडलें तेव्हां दोन शिळा ऐकूं आल्या.

पिंजऱ्याच्या मांडणीविषयीं थोडें सांगतों, कारण निम्मीं भांडणें स्वभावानें होत नाहींत, जागेच्या अडचणीनें होतात. विकत मिळणारे तारेचे छोटे पिंजरे एकालाहि पुरत नाहींत. दोन नरांना जितकी जमीन देतां येईल तितकी द्यावी. उंची निरुपयोगी, कारण हा प्राणी माडीवर राहणारा नव्हे. आंत प्रत्येक वस्तु दोन हवी: पाण्याच्या बाटल्या दोन आणि त्याहि दोन टोकांस, लपावयाचीं घरें दोन, गवताचे ढीग दोन किंवा तीन. लपण्याच्या घराला दोन दारें असलींच पाहिजेत. एकच दार असलें तर मोठा दारांत बसतो आणि धाकटा आंत कोंडला जातो. पळावयास वाट नाहीं म्हणून जो लढतो तो फार वाईट लढतो. आम्हीं पुठ्ठ्याचीं खोकीं घेऊन दोन्ही बाजूंस भोकें पाडलीं, काम भागलें. भाजी एका वाटींत न घालतां सर्व पिंजराभर पसरून टाकावी. हिरव्या दूर्वांची पेंडी सोडून विखुरली तर दोघेहि तासभर वेंचीत बसतात, आणि वेंचणाऱ्याला राजकारणास सवड नसते.

सफाईची गंमत निराळी. आमच्या घरीं दर रविवारीं पिंजरा लखलखीत होई आणि दर रविवारीं सायंकाळीं दोघांत घुमाघुमी होई. कारण ध्यानांत यावयास मला तीन रविवार लागले. तांबूनें आठवडाभर खपून ज्या हद्दी वासानें आंखलेल्या, त्या आम्ही फिनाईलच्या एका बादलींत पुसून टाकीत होतों. मग मोजणी पुन्हा करावयास नको काय? तेव्हांपासून साध्या पाण्यानें एक बाजू आज आणि दुसरी तीन दिवसांनीं, असा क्रम ठेवला, आणि थोडें जुनें अंथरूण नव्यांत मिसळूं लागलों. रविवार शांत झाले.

असे साडेतीन महिने गेले. काळू सात महिन्यांचा झाला, आणि येथें या प्रकरणाचा खरा कठीण भाग सुरू होतो. साधारण चौथ्या महिन्यापासून वर्ष-सव्वावर्षापर्यंत नर गिनीपिग वयांत येण्याच्या धुंदींत असतो. लहानपणीं ज्यानें निमूटपणें मान खालीं घातली तोच आतां हनुवटी वर करून पाहतो. नॉर्बर्ट साक्सर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं यावर पुष्कळ काम केलें आहे. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत त्यांनीं दाखविलें कीं, जे नर मोठ्या कळपांत वाढले ते पुढें परक्या नराच्या संगतींत पडले तरी लढाईवांचून आपली जागा ठरवून घेतात. पण जे नर असल्या संगतीवांचून, केवळ एका मादीच्या सहवासांत वाढले, ते परक्याशीं हातघाईवर येतात, आणि त्यांत हरलेल्याच्या रक्तांत क्लेशाचें संप्रेरक भयंकर वाढतें. कळपांत वयांत येणाऱ्या नराला थोरले नर पदोपदीं जागा दाखवितात. त्यांतूनच तो वागावयास शिकतो. म्हणून लहान नर आणावयाचा तर तो एखाद्या शांत प्रौढ नराच्या हाताखालीं ठेवावा, हें उत्तम. या दृष्टीनें आमची निवड चुकली नव्हती.

चुकलों तें निराळेंच. डिसेंबरांत शेजारची मुलगी आपली गिनीपिग मादी कडेवर घेऊन आमच्या मुलीस दाखवावयास आली आणि पिंजऱ्याजवळ पाऊण तास बसली. आम्हींच तिला खुर्ची दिली. नरांच्या खोलींत मादीचा वासहि येतां कामा नये. मादीला हात लावला असेल तर हात धुऊन आणि पदर झटकून मगच नरांकडे जावें, इतकी ही गोष्ट नाजूक आहे. पाहुणी गेली आणि अर्ध्या तासानें दांतांची कडकड ऐकूं आली. मी उठेपर्यंत चेंडू फिरूं लागला होता. सुपली गॅलरींत होती, टॉवेल दोरीवर होता, आणि मी उघडा हात घातला. अंगठ्याला टांका पडला नाहीं एवढेंच. तो दांत तांबूचा कीं काळूचा, हें मला अजून ठाऊक नाहीं, आणि त्यांनाहि नसावें.

काळूच्या अंगावर ओरखडाहि नव्हता. तांबूच्या ओठाजवळ जखम होती आणि पाठीमागें केसांखालीं दुसरी, जी मला दुसऱ्या दिवशीं चांचपतांना सांपडली. असल्या जखमा केसांत लपतात आणि आंत पू धरतो. म्हणून झटापट झाल्यावर बोटांनीं सर्व अंग पाहावें. पशुवैद्यांनीं जखम धुऊन औषध दिलें आणि मला एक ताकीद दिली, ती येथें सांगणें माझें कर्तव्य आहे. घरांत उरलेलीं माणसांचीं औषधें या प्राण्याला कदापि देऊं नयेत. पेनिसिलिनच्या जातीचें औषध तोंडावाटे दिलें तर त्याच्या आंतड्यांतले उपकारक जंतु मरतात आणि पाठोपाठ तोहि मरतो. दोघांचीहि शस्त्रक्रिया करून घ्यावी काय, असें मीं विचारलें. ते म्हणाले, पिलें होऊं नयेत एवढ्यासाठीं ती ठीक. पण दोन नरांची पाटीलकी तिनें मिटेल असा भरंवसा धरूं नका.

त्या रात्रीं आमच्या घरीं जो वाद झाला तो गिनीपिगांच्या वादाहून फार निराळा नव्हता. घरांतून म्हणणें पडलें, “आतां पुरे. वेगळे करा त्यांना. म्हाताऱ्याचा जीव घ्यायचा आहे का?” कन्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाली कीं वेगळे केले तर तांबू पुन्हां बोलायचा थांबेल. दोघींचेंहि म्हणणें खरें होतें, आणि मला त्यांत निवड करावयाची होती. मीं पिंजऱ्याच्या मधोमध तारेची जाळी उभी केली. वास येतो, आवाज येतो, दांत मात्र पोंचत नाहींत. दर दोन दिवसांनीं दोघांचीं अंथरुणें आलटून पालटून घातलीं. आणि स्वयंपाकघरांतला वजनकाटा रोज वापरला. तांबू १०८० ग्रॅमांवरून १००५ ग्रॅमांवर आला होता. हा आंकडा मला दांतांच्या कडकडीपेक्षां अधिक भिववीत होता; धाकटेपणा सोसत असलेलें जनावर पुष्कळदां ओरडत नाहीं, तें फक्त थोडें कमी खातें. म्हणून ज्यांच्याकडे दोन नर आहेत त्यांनीं आठवड्यास एकदां तरी वजन टिपून ठेवावें.

दहाव्या दिवशीं जखम भरली आणि आंकडा वर चढूं लागला. मीं घरांत सांगून टाकलें कीं आणखी एकदांच भेट घडवीन. पुन्हां रक्त आलें तर जाळी कायमची राहील, आणि दोघे शेजारी म्हणून आयुष्य काढतील. जाळीच्या दोन बाजूंस राहणें हेंहि एकटेपणाहून पुष्कळ बरें. पुन्हां गोधडी अंथरली, पुन्हां गवताचा ढीग घातला, या खेपेस टॉवेल मांडीवर आणि सुपली हातांत. घुमूं लागला तो काळू. तांबू ताठ उभा राहिला, हनुवट्या वर चढूं लागल्या, चढतच राहिल्या. मीं सुपली उचलली. इतक्यांत तांबूनें, आपल्या अडीच वर्षांच्या वडीलकीसकट, मान बाजूला वळविली आणि गवताची काडी तोंडांत घेतली. काळू त्याच्याभोंवतीं दोन फेऱ्या घालून, पाठ हुंगून, शेजारींच जेवावयास बसला.

मला त्या क्षणीं आनंदापेक्षां वाईटच अधिक वाटलें, हें कबूल करतों. आम्हां सर्वांची मनांतून अशी इच्छा होती कीं म्हाताऱ्यानेंच पाटील राहावें. दुबळ्याची बाजू घेऊन मालक जेव्हां मोठ्याला हुसकून लावतो आणि धाकट्याला आधीं भाजी देतो, तेव्हां तो न्याय करीत नाहीं. मिटलेली कज्जेदलाली उकरून काढतो. त्यामुळें पुढें भाजी टाकतांना माझा हात सवयीनें तांबूकडे वळे, आणि मी तो आवरून धरीं.

या गोष्टीस आतां दहा महिने झाले. जाळी गॅलरींत गुंडाळून ठेवली आहे, टाकून दिलेली नाहीं. काळू १२०० ग्रॅमांच्या घरांत आहे, तांबू पुन्हां १०७० वर. खिडकीकडचें खोकें, जें पूर्वीं तांबूचें होतें, तें आतां काळूचें. तांबू भिंतीकडच्या खोक्यांत झोपतो. पण दुपारीं उकडूं लागलें आणि आम्ही पिंजऱ्याखालीं ओलें फडकें पसरलें, कीं दोघेहि खोकीं सोडून बाहेर येतात आणि एकाच थंड जागेवर अंग ताणून पडतात. फ्रिजच्या दारापाशीं पहिली शीळ अजून तांबूचीच असते.